चाच्यांनाही एक कपाट द्या

ग्रंथालयासाठी पुस्तकं सुचवायची वेळ आली की आपण सगळे एकदम शहाणे होतो. कादंबऱ्या, समीक्षा, स्पर्धा परीक्षा. मी मात्र एक जपानी चित्रमालिका, म्हणजे मांगा, सुचवणार आहे. नाव ‘वन पीस’. नायक समुद्री चाचे. थांबा, लगेच नाक मुरडू नका!

एइचिरो ओडा यांनी १९९७ च्या जुलैत जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात ही गोष्ट सुरू केली. १०० च्या वर खंड झाले, तरी ती संपलेली नाही. नायक लुफी एक विचित्र फळ खातो. अंग रबरासारखं ताणलं जातं, पण पोहणं कायमचं जातं. व्हायचंय चाच्यांचा राजा, आणि पाण्यात पडला की दगड! त्याचा तलवारबाज झोरो सरळ रस्त्यावरही हरवतो. उसॉप इतक्या थापा मारतो, की गावावर खरोखर चाचे चालून येतात तेव्हा त्याच्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही. मी तर बसमध्ये एकटीच हसत होते.

पण मला धरून ठेवलं ते जहाजावरच्या आचाऱ्याने, सांजीने. लहानपणी तो झेफ नावाच्या म्हाताऱ्या चाच्याबरोबर एका उघड्या खडकावर अडकतो. ८५ दिवस. झेफ त्याला छोटं पोतं देतो आणि मोठं स्वतःकडे ठेवतो. पोराला वाटतं, म्हातारा लबाड आहे. शेवटी पोतं फाडतो तर आत नुसतं सोनंनाणं. खाण्याचं जे काही होतं, ते सगळं पोरालाच दिलेलं. मोठा झाल्यावर सांजी भुकेल्या शत्रूलाही आधी जेवू घालतो.

माझे पप्पा मालवाहू जहाजावर कुक आहेत. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. फोनवर आमचा प्रश्न ठरलेला, “कधी येणार?” सांजी वाचल्यावर मी पहिल्यांदाच वेगळं विचारलं, “पप्पा, वादळात भात कसा शिजवता?” मग ते अर्धा तास बोलत होते. शेगडीवर लोखंडी पट्ट्या असतात, भांडं घसरू नये म्हणून. भांडं कधी काठोकाठ भरायचं नाही. आणि जहाज कितीही हललं तरी जेवण वेळेवर, कारण वादळात माणसं जास्त घाबरतात आणि पोट भरलेलं असलं तर थोडी कमी. एवढं बोलणं आमच्यात आधी झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट ४१ व्या खंडातली, खास ग्रंथालयासाठी. ओहारा बेटावरचे विद्वान सत्तेने पुसून टाकलेला १०० वर्षांचा इतिहास शोधत असतात. तो शोधणंच गुन्हा, म्हणून आरमार बेट जाळून टाकतं. तेव्हा ते विद्वान पळत नाहीत. ग्रंथालयातली पुस्तकं भराभर तळ्यात फेकतात, निदान ती तरी वाचावीत म्हणून. मराठीत ‘वाचणं’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ते दोन्ही मला त्या पानावर एकदम भेटले.

सगळंच गोड नाही. मारामारी भरपूर आहे, आणि पुढच्या खंडांत बायका जशा रेखाटल्यात ते मला खटकतं. त्यावर भांडायलाही पुस्तक आधी हातात हवं. फोनवर वाचता येतं हे खरं, पण फोनवर वाचणारा ग्रंथालयाची पायरी चढत नाही.

खर्चाची भीती असेल तर पहिले १२ खंडच घ्या. तिथवर कथेचा पहिला मोठा टप्पा पुरा होतो. व्हिझ मीडियाच्या इंग्रजी आवृत्तीत तीन खंड एकत्र मिळतात, म्हणजे फक्त चार पुस्तकं. वाचायची उजवीकडून डावीकडे. दहा पानांत सवय होते.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, ग्रंथालयाच्या मागणीवहीत माझी सही झाली आहे. खाली बरीच जागा रिकामी आहे.