आकाशातले शत्रू, जमिनीवरचे मित्र

मुलांनो, युद्धाचे चित्रपट तुम्हांला आवडतात. मलाही आवडतात. पण पडद्यावरची ती जुनी विमाने येतात कुठून?

१९४० साली ब्रिटनच्या आकाशात ब्रिटिश आणि जर्मन विमानांची मोठी लढाई झाली. तिच्यावर १९६९ साली ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ हा इंग्रजी चित्रपट निघाला. तोपर्यंत त्या काळची बहुतेक विमाने भंगारात गेली होती. हमिश महॅडी या जुन्या वैमानिकाने उरलेली विमाने शोधून काढली. काही स्पिटफायर विमाने दुरुस्त होऊन पुन्हा उडाली. जर्मन नमुन्याची विमाने स्पेनच्या हवाई दलाकडून मिळाली. गंमत अशी, की त्या ‘जर्मन’ विमानांत इंजिने मात्र ब्रिटिश होती!

पण मला विमानांपेक्षा माणसांचे अधिक नवल वाटते. चित्रपटाच्या सल्लागारांत दोन वैमानिक होते. ब्रिटनचे रॉबर्ट स्टॅनफर्ड टक आणि जर्मनीचे अडॉल्फ गॅलंड. १९४० साली दोघे एकमेकांविरुद्ध लढले. १९४२ साली टक जर्मनांचे कैदी झाले. युद्ध संपल्यावर मात्र हे दोघे जिवलग मित्र बनले. ज्याला आपण घरी ‘दुश्मन’ म्हणतो, त्याच्याच शेजारी बसून त्यांनी लढाईची हकिकत सांगितली.

हिटलरचा अन्याय त्यामुळे पुसला जात नाही. पण पडद्यावर विमान पेटले, की आपण टाळ्या वाजवतो. पुढच्या वेळी क्षणभर थांबा. त्या विमानात एक माणूस आहे, आणि तो वाचला तर उद्या कोणाचा तरी मित्र होऊ शकतो.