नागलीची परीक्षा

वयाच्या ५२ व्या वर्षीं, भरल्या मैदानांत, एका कुत्रीबरोबर धापा टाकीत धांवण्याचा प्रसंग आपण होऊन ओढवून घेणारे आमच्यासारखे गृहस्थ विरळाच असतील. जव्हारसारख्या लहान गांवांत मास्तरकी करणाऱ्या माणसाला असला छंद शोभत नाहीं, असें आमच्या शेजाऱ्यांचें मत आहे. आणि तें त्यांनीं आमच्यापासून कधीं लपवून ठेविलेलें नाहीं. तथापि त्या मिनिटभराच्या धांवपळींत आम्हांस जें कळलें, तें २५ वर्षें फळ्यासमोर उभे राहूनहि कळलें नव्हतें. म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहों.

नागली मूळची मोखाड्याकडील एका पाड्यावरची. तेथील एका वृद्ध शेतकऱ्याकडे आम्ही दर उन्हाळ्यांत वरई आणावयास जातों. दोन उन्हाळ्यांपूर्वीं त्याच्या अंगणांत चार पिलें लोळत होतीं. त्यांतलें एक उठून आमच्या चपलेवर येऊन बसलें, तें कांहीं केल्या हलेना. "घेऊन जा, मास्तर. तिनें तुम्हांला पसंत केलें आहे," म्हातारा हसून म्हणाला. रंग थेट नागलीच्या भाकरीचा, म्हणून आमच्या कन्येनें तिचें नांव नागली ठेविलें. वंशावळ नाहीं, प्रमाणपत्र नाहीं. उभे कान, वळलेली शेपटी आणि रानडुकरांपासून शेत राखणाऱ्या आईचा धीटपणा, एवढीच तिची इस्टेट.

कन्या तेव्हां नववींत जात होती. मोबाईलवर तिनें कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत पाहिली आणि नागलीला ती शिकवावयाचीच असा हट्ट धरला. हा खेळ मूळचा इंग्लंडांतला. १९७८ सालीं लंडन येथें भरलेल्या क्रफ्ट्स या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनांत, मुख्य कार्यक्रमांच्या मधला रिकामा वेळ भरून काढण्यासाठीं, जॉन व्हार्ले व पीटर मीनवेल या दोघांनीं घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून ही कल्पना उचलली. ती लोकांना इतकी आवडली कीं, १९८० सालीं तेथील केनेल क्लबानें तिला रीतसर मान्यता दिली. कुत्र्यानें आडव्या दांड्यांवरून उड्या घ्यावयाच्या, बोगद्यांतून धांवत जावयाचें, तराजूप्रमाणें कलणारी फळी ओलांडावयाची आणि ६० सेंटिमीटरांच्या अंतरानें रोवलेल्या १२ काठ्यांमधून नागमोडी निघावयाचें. दांडी पडली, किंवा फळीच्या टोंकाच्या रंगविलेल्या भागाला पाय न लावतां खालीं उडी घेतली, तर ५ दोष. ठरलेला क्रम सोडून भलत्याच अडथळ्यावर गेलें, तर बाद. माणसानें बरोबर धांवावयाचें, बोलावयाचें, हातवारे करावयाचे. परंतु कुत्र्याला हात लावावयाचा नाहीं, कीं खाऊ दाखवावयाचा नाहीं.

आमच्या परसांत बांबूच्या दांड्या उभ्या राहिल्या. दोन्ही बुडें कापलेल्या निळ्या पिंपांचा बोगदा झाला, ओंडक्यावर फळी ठेवून तराजू झाला. आम्हांस घाई होती, कन्येला नव्हती. पिलाच्या हाडांच्या टोंकांशीं वाढीचा कोंवळा भाग असतो, तो पक्का होण्यापूर्वीं उंच उड्या मारविल्या तर सांध्यांना जन्माची इजा होऊं शकते, असें तिनें वाचलें होतें. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतहि १८ महिन्यांच्या आंतील कुत्र्यास उतरतां येत नाहीं. म्हणून पहिलें वर्षभर तिनें दांड्या जमिनीवरच ठेविल्या. पावसाळ्याचे चार महिने जव्हारांत परस म्हणजे तळें. तेव्हां ओसरीवर खुर्च्यांच्या पायांमधून नागमोडीचा अभ्यास चाले. गर्दीची भीति मोडावी म्हणून नागलीला आम्ही मोखाड्याचा बोहाडाहि दाखविला. वाद्यांच्या गजरांत देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे नाचत होते, आणि ही कन्येच्या पायाशीं बसून शांतपणें जांभया देत होती.

गेल्या हिंवाळ्यांत पुण्याजवळ सर्व जातींच्या कुत्र्यांना मुभा असलेली एक स्पर्धा भरणार असल्याचें कळलें. नागली तेव्हां २१ महिन्यांची होती. आतां येथें आमचा अपराध सांगितला पाहिजे. कन्या दहावींत गेली होती. "तुझें हें वर्ष महत्त्वाचें आहे. तूं अभ्यास कर; नागलीबरोबर मी धांवेन," असें आम्ही तिला सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून परसांत आम्ही व नागली, आणि खिडकीशीं पुस्तक घेऊन बसलेली कन्या, अशी व्यवस्था झाली.

स्पर्धेच्या दिवशीं मात्र ती आली. अडथळ्यांचा क्रम त्याच सकाळीं कळतो. कुत्र्यावांचून एकदां चालून माणसानें तो पाठ करावयाचा असतो. आम्ही तो चोख पाठ केला. आलेल्या कुत्र्यांत बॉर्डर कॉली जातीचीं पुष्कळ. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढ्या वळण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली ही जात, धनगराच्या इशाऱ्यावर डोळा ठेवून असणारी. त्यांच्या रांगेंत आमची नागली म्हणजे मखमलीच्या दुकानांत घोंगडीच. परंतु तिला त्याची लाज नव्हती. लाज, खरें सांगावयाचें तर, आम्हांस वाटत होती.

पहिले पांच अडथळे तिनें वाऱ्यासारखे ओलांडले. सहावा बोगदा. "बोगदा! बोगदा!" आम्ही ओरडलों, हातहि तिकडे केला. नागली क्षणभर थबकली, आमच्याकडे पाहिलें, आणि सरळ जाऊन कलत्या फळीवर चढली. शिटी वाजली. आम्ही बाद झालों. ती मात्र फळीच्या रंगविलेल्या टोंकाला नियमाप्रमाणें पाय लावून खालीं उतरली आणि शेपटी हलवीत शाबासकी मागूं लागली. आम्ही तिला शाबासकी दिली नाहीं. हें लिहितांना आज वाईट वाटतें.

परतीच्या वाटेवर सर्वजण गप्प होतों. रात्रीं घरीं आल्यावर कन्येनें मोबाईलवर टिपलेलें चित्र आमच्यापुढें धरलें. "बाबा, ती चुकली नाहीं. नीट पाहा." आम्ही पाहिलें. तोंड "बोगदा" म्हणत होतें, हात बोगद्याकडे होता. पण पाय, खांदे आणि नजर हीं तिन्ही पुढच्या कलत्या फळीकडे वळलेलीं होतीं, कारण तिची आम्हांस धास्ती होती. कुत्र्याला माणसाचे शब्द थोडे कळतात, त्याचें शरीर फार कळतें. तोंडचें आणि अंगचें जुळेना, तेव्हां नागलीनें अंगचें खरें मानलें.

कन्या तेवढ्यावर थांबली असती, तर आम्ही सुखानें झोंपलों असतों. पण ती हलक्या आवाजांत म्हणाली, "बाबा, माझ्याशींहि तुम्ही असेंच करतां." तिच्या म्हणण्याचा अर्थ विचारण्याची गरज नव्हती. 'गुण म्हणजे सर्वस्व नव्हे, तूं मनापासून शीक, बाकीचें आम्ही पाहूं,' हें वाक्य आम्ही तिला वर्षभर ऐकविलें होतें. परंतु चाचणीची उत्तरपत्रिका हातांत पडली कीं आमची नजर आधीं कोपऱ्यांतल्या आंकड्याकडे जाई. तो उणा असला कीं जेवतांना आम्ही कमी बोलत असूं. आणि जी कुत्री तिनें जीव लावून शिकविली, ती आम्ही तिच्याच भल्यासाठीं तिच्या हातून काढून घेतली होती. शब्द एकीकडे आणि पाय दुसरीकडे. पोर कोणत्या वाटेनें जाणार?

त्या रात्रीं उत्तर सुचलें नाहीं. सकाळीं उठून आम्ही परसांत गेलों, नागलीला जवळ घेतलें, कालची राहिलेली शाबासकी दिली आणि तिची दोरी कन्येच्या हातांत ठेविली.

येत्या महिन्यांत कन्येची दहावीची परीक्षा आहे. तरी रोज सकाळीं ती व नागली परसांत धांवतात. किती वेळ, हें आम्ही पाहत नाहीं. घड्याळ घरांतच ठेवून येतों. पुढच्या हिंवाळ्यांत मैदानावर कोण उतरणार, हें ठरलेलें आहे. पडलेल्या दांड्या उचलून जागीं ठेवण्याचें काम तेवढें आम्हांकडे आलें आहे. शेजारी कुंपणावरून विचारतात, "काय मास्तर, पायउतार झालांत वाटतें?" आम्ही हसून होय म्हणतों. दांडी उचलणें सोपें आहे. ती पडली असतां आपल्या चेहऱ्यावरहि कांहीं पडूं न देणें, हें अवघड. आणि त्याचा अभ्यास अद्याप चालू आहे.