पानगळीतला मेळघाट

अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर. तेथून धारणीचा रस्ता सातपुड्याच्या गाविलगड रांगांत शिरतो आणि मेळघाटाचे जंगल सुरू होते. पावसाळ्यानंतर हा प्रदेश पाहिलेला पर्यटक मार्च महिन्यात पुन्हा आला, तर त्याची थोडी निराशाच होते. उतारांवर सागाची उघडी खोडे, पायाखाली पापडासारखी मोडणारी पाने आणि मधूनच केशरी फुललेला पळस. 'जंगल पार वाळून गेले' म्हणत मंडळी चिखलदऱ्याच्या गारव्याकडे वळतात.

परंतु हे जंगल वाळलेले नसते. ते पाणी जपत असते.

पाणी राखण्याची युक्ती

मेळघाटात बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने झाडांना जमिनीतल्या ओलीवर काढावे लागतात. पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. सागाचे पान तर सुपाएवढे! म्हणून ओल कमी होऊ लागली की साग, ऐन, सालई ही झाडे पाने गाळून खर्च थांबवतात. गळलेली पाने जमिनीवर पांघरुणासारखी पसरतात. वाळवी आणि इतर किडे ती कुरतडतात आणि पावसाळ्यात त्यांचे खत होते.

गंमत अशी, की याच काळात जंगलाची खरी लगबग चालते. पळस फुलतो, कुसुमाला लालचुटूक पालवी येते आणि पहाटे मोहाची फुले टपटप गळू लागतात. अस्वल, हरणे, पाखरे आणि माणसे, सगळी त्या झाडाखाली येतात.

सेमाडोहजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव सिपना. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. खंडू, खापरा, गडगा, डोलार या तिच्या सोबतिणी. साऱ्यांचे पाणी शेवटी तापीला मिळते.

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. वाघाइतकाच इथला आणखी एक रहिवासी महत्त्वाचा आहे. १८८४ नंतर अभ्यासकांना न दिसलेला रानपिंगळा नावाचा छोटा घुबड १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. घनदाट सदाहरित रान त्याला नको असते. तो अशाच मोकळ्या, पानगळीच्या सागवानी जंगलात राहतो आणि भर दिवसाही शिकार करतो.

ठिणगी माणसाची

अशा जंगलात वणवा आपोआप लागणे फार दुर्मीळ. बहुतेक वेळा ठिणगी माणसाचीच असते. मोहाची फुले पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालची पाने पेटवली जातात. तेंदूला कोवळी पालवी फुटावी, गुरांना नवे गवत मिळावे म्हणूनही आग लावतात. कधी वाटसरूने टाकलेले विडीचे थोटुकही पुरते. वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते, पहारे ठेवते. तरी वाऱ्यावर निघालेली आग आटोक्यात आणताना माणसे थकून जातात.

जाड सालीचा जुना साग अशी आग सोसतो. जळतात ती इवली रोपे, जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी आणि ते पानांचे पांघरूण. मग जूनचा पहिला पाऊस उघड्या मातीवर कोसळतो, पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन ओढ्याला धावते. दरवर्षी असे झाले, तर जुनी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्यामागे येणारी पिढीच नसते.

दोष केवळ कोरकूंना देणे मात्र अन्यायाचे ठरेल. मोह आणि तेंदू यांवर त्यांच्या घरची चूल चालते. गाभ्यातील बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे या शतकाच्या सुरुवातीपासून बाहेर हलवण्यात आली. सोडलेल्या शेतांवर गवत वाढले, तिथे हरणे चरू लागली. वाघासाठी हे चांगलेच झाले; पण प्रत्येक गाव उठवता येत नाही आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला जंगल लागतेच.

पायविहीरचा धडा

त्यावर एक उत्तर परतवाड्याच्या बाजूच्या पायथ्याशी पायविहीर या छोट्या गावाने शोधले. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली गावाला शेजारच्या उजाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. गावकऱ्यांनी वृक्षतोड आणि मोकाट चराई बंद केली, झाडे लावली आणि रानातली सीताफळे स्वतः बाजारात नेऊन विकली. २०१४ साली या कामाचा जैवविविधता पुरस्काराने गौरव झाला. जंगल आपले आहे आणि त्याचे उत्पन्नही आपल्याच गावात येणार, हे कळल्यावर काडी लावण्याऐवजी राखण करायला माणसे पुढे आली.

मोहासाठीही आगीची गरज नाही. मध्य भारतात काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुले वेचतात. ती स्वच्छ राहतात, भावही बरा मिळतो.

मेळघाटला जायचे तर पावसाळ्यानंतरचे महिने सुखाचे. चिखलदऱ्याची थंड हवा, गाविलगडचा किल्ला आणि कोलकासला सिपनाकाठचा मुक्काम मुलांनाही आवडतो. पण जमल्यास एकदा मार्चमध्येही जावे. गाडीतून उतरून त्या कुरकुरीत पाचोळ्यावर क्षणभर उभे राहावे आणि मुलांना सांगावे, की हा कचरा नव्हे, पुढच्या पावसाची तयारी आहे. काडेपेटी मात्र घरीच ठेवावी.