शेजारचे चौसष्ट

माणकोली-काल्हेरच्या गोदामांत नेटवर्क उभारताना मालक विचारतो, पॉइंट किती लागतील? मी उलट विचारतो, दिवाळीत स्कॅनर किती वाढतात? सबनेट आजच्या मोजणीवर पाडला तर ऐन हंगामात पत्ते संपतात.

‘सी क्लास देऊन टाका’ म्हणणारे आमच्या धंद्यात अजून भेटतात. हे वर्ग १९९३ मध्येच मोडीत निघाले. बी वर्गात ६५,५३६ पत्ते, सी वर्गात २५६, मधलं काही नाही. हजार यंत्रांसाठी बी घेतला तर चौसष्ट हजार पत्ते वाया. चार सी घेतले तर जगभरच्या राउटरांच्या तक्त्यांत चार नोंदी. बी संपत चालले, तक्ते फुगत चालले, म्हणून सायडर आलं. पत्त्याच्या ३२ बिटांपैकी नेटवर्कचे किती, ते स्लॅशपुढे लिहायचं.

२५५.२५५.२५५.१९२ हा मास्क पाहून नवी पोरं गांगरतात. मी म्हणतो, २५६ मधून १९२ वजा कर. उरले ६४, तेवढा एक तुकडा. तुकडे सुरू होणार ०, ६४, १२८ आणि १९२ वर. पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, हाती ६२. हाच स्लॅश २६.

गोदामातले पत्ते खासगी, फुकटचे. मग काटकसर कशाला? सगळ्यांना एकच मोठा सबनेट द्यावा की! देणारे देतातही. मग प्रत्येक ब्रॉडकास्ट वायफायवरच्या साऱ्या स्कॅनरांना ऐकावा लागतो आणि कॅमेरे हिशेबाच्या संगणकाशेजारी येऊन बसतात. मला ते पटत नाही.

भिवंडीत शेजारचा गाळा मिळाला की मधली भिंत पाडून मोकळं होता येतं. इथे नुसतं शेजारी असून भागत नाही. ० आणि ६४ चे तुकडे मिळून स्लॅश २५ होतो, १२८ आणि १९२ चेही होतात. ६४ आणि १२८ मात्र लागून असूनही एका मास्कखाली येत नाहीत. स्लॅश २५ शेवटच्या आकड्याचं फक्त पहिलं बिट पाहतो. ६४ मध्ये ते शून्य, १२८ मध्ये एक.

म्हणून स्कॅनर आणि लेबल प्रिंटर मी ० च्या तुकड्यात ठेवतो, कॅमेरे १२८ पासून, आणि ६४ चा तुकडा कोरा. तो कोरा तुकडा पाहून कुणी ना कुणी हळहळतंच. हंगाम आला की मास्कमधल्या १९२ चे १२८ करायचे. जुने पत्ते तेच, गेटवे तोच. स्कॅनरना नवा मास्क डीएचसीपीकडून आपोआप मिळतो. प्रिंटरचे पत्ते हाताने घातलेले, तेवढे राहून जातात. मग ७० नंबरचा स्कॅनर २० नंबरच्या प्रिंटरला हाक मारतो, पण प्रिंटरच्या जुन्या मास्कला ७० परका वाटतो आणि उत्तर गेटवेकडे जातं. गेटवेने ते परत फिरवलं तर लेबल निघतं, फायरवॉलने अडवलं तर नाही. जुन्या स्कॅनरवरून छपाई होते, नव्यावरून होत नाही, आणि दोष नव्या स्कॅनरवर येतो. केबल बदलून उपयोग नाही. प्रिंटरच्या मेनूत जाऊन १९२ च्या जागी १२८ टाकायचे.