डबा उघडायचा की नाही

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ दोह्याहून रजेवर आला, तेव्हा मुलासाठी एक गाडी घेऊन आला. रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या पाचव्या हिश्शाएवढी. खेळणं म्हणावं तर वजन पंधरा किलोच्या वर आणि आत चक्क पेट्रोलवर चालणारं टू-स्ट्रोक इंजिन. सामानाचं वजन बसेना म्हणून त्याने स्वतःचे कपडे तिथेच ठेवले. भाभीने हे पुढे बरेच दिवस ऐकवलं.

भाऊ तिकडे एका वर्कशॉपमध्ये ट्रकांचे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल खोलतो. तो अकरा महिने तिकडे आणि महिनाभर इकडे असतो. त्या महिन्यातली जवळजवळ प्रत्येक संध्याकाळ बापलेकांनी चंपक मैदानावर काढली. परत जायच्या आदल्या दिवशी गाडी एका उंचवट्यावरून उडाली, खाली आदळली आणि आतून खट्‌कन आवाज आला. इंजिन बोंबलत होतं, पण गाडी जागची हलेना. भावाने ती उचलली, मागचं चाक हाताने फिरवलं आणि म्हणाला, "मागचा डिफ गेला."

मला यातलं काही कळत नव्हतं. त्याने रात्री सामान भरता भरता समजावलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. मारुती मंदिरच्या सर्कलला रिक्षाने एक पूर्ण फेरा मारला आणि मागच्या दोन चाकांत एक मीटर अंतर धरलं, तर बाहेरचं चाक साधारण सव्वासहा मीटर जास्त चालतं. सर्कल लहान असो की मोठं, फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसवली तर एकाला फरफटत जावं लागेल. डिफरन्शियल इंजिनाची ताकद दोघांना देतो, पण ज्याला त्याला आपापल्या वेगाने फिरू देतो.

मग तुटला कसा? गाडी हवेत असताना चाकांना जमिनीचा अडसर नसतो, ती भन्नाट फिरतात. रिमोटचा ट्रिगर दाबलेलाच असेल, तर खाली येताच जांभ्याचा खरखरीत कातळ त्यांना एकदम पकडतो. तो सगळा झटका आतल्या चार छोट्या स्टार पिनियनच्या दातांवर आणि त्या ज्या क्रॉसवर फिरतात त्यावर बसतो. वाळूत चाक घसरून सुटतं. कातळ तशी सूट देत नाही.

दोन महिन्यांनी गावातल्या एका माणसाबरोबर पार्सल आलं. खजूर, भाभीची क्रीम, आणि दोन छोटे डबे. कडक पोलादाचे गिअर, जाड क्रॉस आणि ॲल्युमिनियमची केस असलेले दोन डिफरन्शियल, एक मागचा, एक पुढचा. फोनवर भाऊ म्हणाला, "डबे उघडू नका. बकरी ईदला येतोय, आम्ही दोघं मिळून बसवू."

बकरी ईदची रजा रद्द झाली. डबे कपाटावर राहिले. चौदा वर्षांचा मुलगा गाडीचं नाव काढेना. मी भावाला म्हटलं, "तू व्हिडिओवर सांग, तो करेल." तो नाही म्हणाला.

का, ते मला माहीत होतं. अब्बा गेले तेव्हा आपल्यात मयत ताटकळत ठेवत नाहीत आणि त्याला तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळत होतं. त्याने दफन मोबाईलवर पाहिलं. कब्रस्तानच्या फाटकापर्यंत मोबाईल मीच धरला होता, पुढे चुलतभावाच्या हातात दिला. मुलाचा दहावीचा पहिला दिवस, घराचा स्लॅब, सगळं त्याने असंच पाहिलं. "आपा," तो म्हणाला, "एक तरी गोष्ट मोबाईलवर नको."

शेवटी भाभीच बोलली. "तुम्हाला आठवण ठेवायची आहे, पण त्याला गाडी चालवायची आहे."

त्या शुक्रवारी रात्री पडवीत चटई अंथरली. आपल्याकडे साडेनऊ, तिकडे सात. मोबाईल पुन्हा माझ्या हातात. मागचे स्क्रू हलेनात, कारण ते सैल होऊ नयेत म्हणून त्यांना लॉकचं चिकट औषध लावलेलं असतं. भावाने ते गरम करायला सांगितलं आणि भाभीचा हेअर ड्रायर कामाला आला. जुना डिफ उघडला तर काळ्या तेलात धातूचा चुरा आणि एक वाकडा क्रॉस. नव्यात सिलिकॉनचं तेल भरायचं होतं. बाटलीवर दहा हजार लिहिलेलं, मधासारखं दाट. ते क्रॉस बुडेल इतपतच भरून बुडबुडे निघेपर्यंत थांबायचं. मग गॅस्केट, आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे.

खरी मेख पुढे होती. क्राऊन आणि पिनियनचे दात किती जवळ बसवायचे, ते बेअरिंगमागच्या पातळ चकत्यांवर ठरतं. जास्त घट्ट बसले तर तापून झिजतात, सैल राहिले तर दात उडतात. भाऊ सांगू लागला, "बोटाने फिरव, थोडीशी..." आणि नेट गेलं.

दहा मिनिटं आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत होतो. मग मुलाने एक चकती या बाजूची काढून त्या बाजूला घातली. फिरवून पाहिलं, कानाशी नेलं, पुन्हा काढली. तिसऱ्या वेळेला म्हणाला, "फुफी, आता कुठेच अडकत नाही. थोडी हलते, पण अडकत नाही."

कॉल लागला तेव्हा केस बंद झाली होती. भावाने पिनियन धरून एक चाक पुढे फिरवायला सांगितलं. दुसरं उलटं फिरलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अब्बा असंच कानाला लावून बघायचे. तुला कोणी शिकवलं?"

रविवारी असरनंतर चंपक मैदानावर गाडी नेली. मुलाने आधी हळू चालवली, मग उंचवट्यावरून उडवली आणि ती हवेत असतानाच ट्रिगर सोडला. गाडी आदळली, उसळली आणि धूळ उडवत पुढे निघाली. भावाने बजावलंच आहे की डिफ मजबूत झाला म्हणजे झटका संपला नाही, तो आता पुढचा कमजोर भाग शोधेल, बहुतेक ड्राइव्ह शाफ्ट.

घरी आल्यावर मी विचारलं, "पुढचा कधी बसवणार? आता तर तुला येतं."

"पुढचा अजून चांगला आहे," तो म्हणाला आणि दुसरा डबा न उघडता परत कपाटावर ठेवला. त्यावर त्याने मार्करने लिहिलंय: 'अब्बा आल्यावर.'