टोळी कोणी ठरवली? सोलापूरच्या एका वस्तीची गोष्ट

शहरांच्या इतिहासात आधी वस्ती होते आणि तिथल्या दारिद्र्यातून पुढे टोळ्या उभ्या राहतात, असा क्रम आपण सहसा वाचतो. माझ्या सोलापुरात एका वस्तीच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. तिथे सरकारने आधी टोळी ठरवली आणि मग तिच्यासाठी वस्ती उभारली. तिचे नाव सेटलमेंट.

मी सातवीत असताना शाळेतून माझी सायकल नाहीशी झाली. वर्गातला एकच मुलगा सेटलमेंटमध्ये राहत असे, आणि तो माझा मित्र होता. चौकशीसाठी त्यालाच तासभर बसवून ठेवले. मी गप्प राहिलो. संध्याकाळी कळले की थोरल्या भावाने सायकल पंक्चर काढायला नेली होती. मित्रावरच्या संशयाला त्याच्या पत्त्याखेरीज दुसरे कारण नव्हते.

त्या पत्त्याचा इतिहास मी फार उशिरा वाचला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एखादी जमात, टोळी किंवा लोकसमूह सरसकट गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. १९११ मध्ये कायदा अधिक कडक होऊन देशभर लागू झाला. बोटांचे ठसे, नियमित हजेरी, परवान्याशिवाय बाहेर जाण्यास बंदी आणि मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही त्यात होती. जन्माला आलेले मूल गुन्हा करण्यापूर्वीच संशयित ठरत होते.

सोलापूरची निवड का झाली असावी? १८७० च्या दशकात जुनी मिल उभी राहिल्यापासून हे गिरण्यांचे शहर होते. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर नात्यागोत्याच्या आणि धंद्याच्या आधाराने पूर्व भागात वसले. सेटलमेंटमधल्या पारधी, कैकाडी, टकारी आदी कुटुंबांना मात्र अशी निवड नव्हती. त्यांना काटेरी तारेच्या आत आणून ठेवले गेले आणि त्यांतले अनेकजण गिरण्यांत राबले. सुधारणा आणि स्वस्त मजूर, दोन्ही हेतू एकाच कुंपणात साधले गेले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला आणि हे लोक ‘विमुक्त’ म्हणवले गेले. परंतु सराईत गुन्हेगारांसाठीच्या कायद्यांच्या रूपाने संशयाची दृष्टी मागे उरली. माझ्या शाळेतला तो एक तास त्याच दृष्टीचा अंश होता.

हे सारे वाचल्यावर मी मित्राला शोधून काढले आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, “सायकलचं केव्हाच विसरलो रे. पण माझी मुलगी नोकरीच्या अर्जावर आजही पत्ता लिहिताना सेटलमेंट हा शब्द गाळते.”

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. जुन्या पोलीस दप्तरात ‘टोळी’ हा शब्द दिसला, तर पुढे वाचण्यापूर्वी तो कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या अधिकाराने लिहिला, हे आधी तपासा. माझ्या शहरात तेवढ्या एका शब्दावर एक अख्खी वस्ती उभी राहिली होती.