दादांसाठीं आणलेली रात्र

आमचे वडील बंधू गेलीं बारा वर्षें दिवेलागणीनंतर घराबाहेर पडलेले नाहींत. डोंबिवलीसारख्या गांवांत, जेथें निम्मे लोक अंधार पडल्यावरच घरीं परततात, तेथें हें चमत्कारिक म्हणावयाचें. परंतु दादांस रातांधळेपणा आहे, आणि तोहि गाजरें व पालेभाज्या खाऊन बरा होणारा नव्हे. डोळ्याच्या आंतील पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. एक भर उजेडांत रंग व बारकावे पाहणाऱ्या, दुसऱ्या मंद प्रकाशांत कामास येणाऱ्या. दादांच्या ह्या दुसऱ्या जातीच्या पेशी हळूहळू निकामी होत गेल्या. रोगाचें नांव 'रेटिनायटिस पिग्मेंटोझा'. तो आनुवंशिक असून बहुतेक रोग्यांच्या बाबतींत त्यावर अद्यापि इलाज नाहीं. दिवसां दादा वर्तमानपत्र वाचतात, त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या पेन्सिलीनें काढतात. सूर्य मावळला कीं, वहिनींचा हात धरल्यावांचून त्यांस बैठकीच्या खोलींतून गॅलरीपर्यंतहि जातां येत नाहीं.

दैवाचा विपरीतपणा असा कीं, ह्या माणसाचा सारा जन्म रात्रींच गेला. ते मुंबईस एका छापखान्यांत मुद्रितशोधक होते आणि त्यांची नेहमींची पाळी रात्रपाळी. शेवटच्या गाडीनें डोंबिवलीस उतरावयाचें आणि फडके रोडनें एकट्यानें चालत घरीं यावयाचें, हा त्यांचा जवळजवळ तीस वर्षांचा परिपाठ. गेल्या कार्तिकांत एकदां जेवतां जेवतां त्यांनीं विचारलें, “काय रे, आपला फडके रोड रात्रीं दोन वाजतां आतां कसा दिसतो?” आम्हांस उत्तर देतां येईना. आम्ही जन्मभर दहाच्या ठोक्याला निजणारे. दिवाळीच्या पहांटे तेथें नटूनथटून जमणारी तरुण मंडळी आम्हीं पाहिलेली, पण ती पहांट झाली, रात्र नव्हे.

ही गोष्ट आम्हीं आमच्या ठाण्याच्या भाच्यापाशीं बोललों. त्याला छायाचित्रणाचें वेड आहे. तो म्हणाला, “मामा, मामांना रात्र घरीं नेऊन दाखवूं या कीं!” आणि त्यानें कपाटांतून एक भिंग काढून आमच्या हातांत ठेवलें. वरवंट्याच्या तुकड्यासारखें जड. त्यावर ०.९५ असा आंकडा कोरलेला होता.

हा आंकडा काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, नाहीं तर पुढचा मजकूर वाचकांस जादूटोणा वाटेल. भिंगाच्या नाभीय अंतरास त्याच्या छिद्राच्या व्यासानें भागिलें असतां येणारा भागाकार, तो हा आंकडा. तो जितका लहान, तितकें छिद्र मोठें. भाच्याचें भिंग ५० मिलिमीटरांचें, म्हणजे छिद्र सुमारें ५३ मिलिमीटर. दोन इंचांहून थोडें अधिकच. कॅमेऱ्यासोबत स्वस्तांत मिळणाऱ्या भिंगाचा आंकडा पुष्कळदां ३.५ असतो; त्याच्या मानानें ह्यांतून तेरा-चौदापट प्रकाश आंत येतो. त्यामुळें कॅमेऱ्याचा पडदा निमिषभरच उघडला तरी भागतें, आणि चालत्या माणसाचें चित्र हातीं धरलेल्या कॅमेऱ्यानेंहि न हलतां येतें. म्हणून ह्या भिंगांस 'वेगवान' म्हणण्याचा प्रघात आहे.

हें वेड कांहीं आजचें नव्हे. १९२४ सालीं ड्रेस्डेन येथील एर्नेमान कंपनीनें एर्मानॉक्स नांवाचा कॅमेरा काढला; त्याच्या भिंगाचा आंकडा २ होता. एरिख सालोमॉन नांवाचा जर्मन गृहस्थ तोच कॅमेरा घेऊन न्यायालयांत आणि मुत्सद्द्यांच्या बैठकींत शिरला व घरांतल्या दिव्यांच्या उजेडावर त्यानें चित्रें टिपलीं. १९७५ सालच्या 'बॅरी लिंडन' चित्रपटांत स्टॅन्ली क्युब्रिकनें मेणबत्त्यांच्या प्रकाशांतील प्रवेश ज्या भिंगानें घेतले, त्याचा आंकडा ०.७, झाइस कंपनीनें तसलीं भिंगें मुळांत अमेरिकेच्या अंतराळसंस्थेसाठीं बनविलेलीं होतीं. उलट, पॅरिसच्या रात्रींचीं जीं चित्रें ब्रासाईनें १९३३ च्या सुमारास पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं, तीं कॅमेरा तिकटीवर ठेवून, पडदा बराच वेळ उघडा ठेवून काढलेलीं. त्याच्यापाशीं असलें भिंग नव्हतें, धीर होता. आमच्यापाशीं भिंग होतें. धीर नव्हता, हें लवकरच दिसून आलें.

पहिली रात्र ठाण्याची. साडेदहाच्या सुमारास आम्ही मामाभाचे तलावपाळीवर गेलों. मासुंदा तलावाच्या कांठीं फिरणारी मंडळी परतूं लागलीं होतीं. गडकरी रंगायतनाकडून पाण्यावर पडलेले दिवे लांब दोऱ्यांसारखे थरथरत होते. कौपिनेश्वराच्या देवळाकडून आम्ही जांभळी नाक्याच्या बाजारांत शिरलों. दिवसां जेथें पाय ठेवावयास जागा नसते, तेथें रिकाम्या टोपल्या एकांत एक घालून रचलेल्या, कोथिंबिरीच्या काड्या तुडविलेल्या, आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर एक हमाल डोक्यावरून पंचा ओढून निजलेला. आम्हीं सारें टिपलें. कॅमेऱ्याच्या मागील पटलावर चित्र उमटे आणि आम्ही लहान मुलासारखे हरखून जात असूं. कारण डोळ्यांस जेथें काळोख दिसत होता, तेथें चित्रांत भिंतीवरचा चुन्याचा पोपडासुद्धां दिसे! पाऊणशें चित्रें काढून आम्ही स्थानकावर आलों. हद्दींत शिरण्यापूर्वीं कॅमेरा पिशवींत घातला. नियमांचा घोळ अपरात्रीं कोणीं घालावा?

फलाटावर गाडीची वाट पाहतांना मनांत आलें कीं, ह्या गांवांच्या रात्री रेल्वेनेंच घडविल्या. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास आली. १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत जाऊं लागली. त्याआधीं येथें लोक दिवा मालवला कीं निजत असतील. आतां शेवटची गाडी गेल्याशिवाय दिवस संपत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं मोठ्या ऐटींत तीं चित्रें दादांपुढें ठेवलीं. रोगानें त्यांच्या दृष्टीचा घेरहि आकसला आहे. नळींतून पाहावें तसे ते पाहतात. चेहरा पडद्याच्या अगदीं जवळ नेऊन ते एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश सरकले, मुद्रित तपासावें तसे. दहा-बारा चित्रें झालीं आणि ते म्हणाले, “हें दुपारीं काढलेंस कां?”

आम्ही चपापलों.

“आकाश बघ, राखाडी आहे. रात्रीं आकाश काळें असतें रे. सावल्यांत सारें दिसतें आहे. मला दिवस दिसतो, तूं मला पुन्हां दिवसच आणून दिलास.” मग हमालाच्या चित्रापाशीं ते थांबले. पंचा बाजूला सरकला होता. उघडें तोंड, गळ्यावरचा घाम, पायाची भेगाळलेली टांच, सारें लख्ख. “ह्याला विचारलें होतेंस?” आम्हीं मान हलविली. “तो अंधार बघून तेथें निजला होता,” दादा एवढेंच बोलले आणि पुढें सरकले.

तें चित्र आम्हीं त्यांच्यासमोरच पुसून टाकलें. खरें सांगावयाचें तर आम्हांस राग आला होता. एवढी रात्र जागून, पाय दुखवून आणलेली वस्तु अशी नाकारली गेली. संध्याकाळीं भाच्यास दूरध्वनि केला, तेव्हां तो हंसून म्हणाला, “मामा, ती कॅमेऱ्याची खोड आहे.” कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें सारें दृश्य सरासरीनें करडें असावें, अशा समजुतीवर चालतो. काळोख दिसला कीं त्यास तो चूक वाटते, आणि ती 'सुधारण्या'साठीं तो अधिक प्रकाश आंत घेतो. साधें भिंग लाविलें असेल तर त्याची ताकद तोकडी पडते आणि रात्र कशीबशी रात्र राहते. पण आमच्या हातीं दोन इंची खिडकी होती, तिनें सारी रात्र धुऊन काढली. उपाय सोपा : मापकाचें ऐकावयाचें नाहीं. तो सांगेल त्याच्या चौथाईच प्रकाश घ्यावयाचा, दिवा दिव्यासारखा दिसेल इतकाच, आणि बाकीचें काळें जाऊं द्यावयाचें. इतकें थोडें घ्यावयाचें तर एवढें मोठें भिंग हवें कशाला, असें कोणी विचारील. तें थोडेंच न हलतां, हातांतल्या हातांत, माणूस चालत असतां मिळावें म्हणून.

चार दिवसांनीं दुसरी फेरी. ह्या वेळीं भाच्याची परीक्षा असल्यामुळें आम्ही एकटेच होतों. शेवटच्या गाडीची मंडळी उतरून पांगलीं, रिक्षांचा गलका ओसरला, आणि आम्ही फडके रोडच्या तोंडाशीं उभे राहिलों. तिकटी नाहीं, विजेचा झोत नाहीं. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता १६०० वर, पडद्याची गति सेकंदाचा शंभरावा भाग. ही शंभराची गोष्ट भाच्यानें बजावून सांगितली होती : आपल्या विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनें करतो, त्यामुळें कांहीं दिवे सेकंदास शंभरदां लुकलुकतात, डोळ्यांस तें कळत नाहीं, पण पडदा त्याहून वेगानें मिटला तर चित्रांत आडवे पट्टे उमटतात. दादांच्या वेळचे पिवळे सोडियमचे दिवे गेले. आतांचा उजेड पांढरा आहे. पिवळ्या दिव्याखालीं रंग ओळखूं येत नसत, आतां येतात. पण रस्त्याला पूर्वीं जी ऊब होती ती ह्या पांढऱ्या प्रकाशांत आम्हांस तरी दिसली नाहीं.

गणेशमंदिराच्या दिशेनें आम्ही सावकाश चाललों. दुकानांच्या लोखंडी पडद्यांवर दिव्यांच्या रेघा, एका पायरीवर तीन कुत्रीं, हातांत डबा घेतलेला एक गृहस्थ आमच्या पुढें शंभर पावलांवर. तो एका दिव्याखालून जाई तेव्हां पांढरा होई, मग नाहींसा होई, मग पुढच्या दिव्याखालीं पुन्हां उगवे. दादा असेच येत असतील. त्याची पाठ तेवढी आम्हीं टिपली.

तेथून तीनच्या सुमारास रिक्षा करून कल्याण गांठलें. जुना पत्री पूल २०१८ सालीं पाडला. २०२१ मध्यें खुल्या झालेल्या नव्या पुलावरून जातांना खालीं रूळांचें जाळें चकाकत होतें. कल्याणास लोहमार्ग दुभंगतो, एक फांटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे, आणि दोन्हीं घाटांकडून माल रात्रींच येतो. फुलांच्या घाऊक बाजारांत झेंडूच्या राशी ओतल्या जात होत्या. एक वयस्क बाई विजेच्या एका गोळ्याखालीं शेवंती निवडीत बसली होती. ह्या वेळीं आम्हीं विचारलें, “बाई, फोटो काढूं कां?”

ती वर न पाहतां म्हणाली, “फुलांचा काढा. माझा नको.”

असल्या भिंगाचा एक मोठा दोष सांगावयाचा राहिला. छिद्र उघडें ठेवलें कीं, दोन मीटरांवर जेमतेम नऊ सेंटिमीटर, आणि एका मीटरावर दोन-अडीच सेंटिमीटर एवढीच खोली स्पष्ट दिसते; त्याच्या पुढचें-मागचें सारें धुकें. माणसाचा डोळा साधला तर कान हरवतो. फडके रोडवर ह्यापायीं आमचीं निम्मीं चित्रें वायां गेलीं होतीं. येथें मात्र आम्ही वांकून बसलों, मुठींतल्या शेवंतीवर भिंग साधलें, आणि ती पिवळी मूठ तेवढी स्पष्ट, मागें बाईचा चेहरा म्हणजे नुसता एक उबदार डाग, असें चित्र आलें. तिला दाखविलें. तिनें डोळे बारीक करून पाहिलें. “हां, हें चालंल,” म्हणाली, आणि दोन फुलें आमच्या पिशवींत टाकलीं.

परततांना दुर्गाडीशीं उतरलों. किल्ला नुसता काळा ठिपका, खाडींत दोन दिवे. एकच चित्र काढलें. तें जवळजवळ सारें काळेंच आलें, आणि आम्हीं तें तसेंच ठेवलें.

त्या दिवशीं दादांस तीं चित्रें आम्हीं दिवसां दाखविलीं नाहींत. रात्रीं जेवणें झाल्यावर संगणक त्यांच्यापुढें ठेवला. त्यांनीं पहिलें चित्र पाहिलें मात्र, आणि म्हणाले, “खोलींतला दिवा घालव.” वहिनी कांकूं करूं लागल्या, कारण दिवा नसला कीं दादा खुर्चीला खिळून जातात. पण त्यांनीं पुन्हां सांगितलें. दिवा घालविला. अंधारांत पडद्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला. दुर्गाडीचें काळें चित्र त्यांनीं बराच वेळ पाहिलें आणि त्यांतले दोन दिवे बोटानें दाखविले. मग फडके रोड. त्यांनीं तर्जनी पडद्याच्या खालच्या कडेवर ठेवली आणि ती हळूहळू रस्त्यावरून वर नेऊं लागले. “येथें पूर्वीं पानाचें दुकान होतें. हा खांब नवा आहे. येथें कुत्रीं असायचीं, आहेत. हा कोण, डबा घेतलेला?” बोट त्याच्यामागून चाललें, दिव्याखालून अंधारांत, अंधारांतून दिव्याखालीं, आणि चित्राच्या कडेशीं येऊन थांबलें.

“येथून वळलें कीं आपली गल्ली,” दादा म्हणाले. “पुढचें कुठें आहे?”

पुढचें आम्हीं काढलेंच नव्हतें. कॅमेरा अजून आमच्याकडेच होता. घड्याळांत साडेनऊ झाले होते. वहिनींनीं आमच्यासाठीं थर्मासमध्यें चहा भरावयास घेतला.